सोट्याचा जोर किती?

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका गल्लीत प्रमिलाबाईला सगळे भांडकुदळ म्हणत, आणि ते अर्धंच खरं होतं. ती आपणहून कुणाच्या वाटेला जात नसे. पण कुणी भांडण तिच्या दारात आणून टाकलंच, तर त्याचा निकाल लागल्याशिवाय ती चूल पेटवत नसे. नळावर तिची कळशी सरकवायची छाती गल्लीत कुणाची नव्हती.

लग्न होऊन ती धुळ्याकडच्या खेड्यातून सुरतेला आली आणि मग इथलीच झाली. नवरा चिंधा कापड रंगवायच्या कारखान्यात. ओल्या कापडाचे गठ्ठे खांद्यावर घेऊन हौदातून यंत्राकडे, यंत्रातून वाळवणीकडे नेणं हे त्याचं काम. ती घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. एकुलती एक मुलगी छाया लग्न होऊन पलसाण्याला गेली. असा सगळा चारचौघांसारखा संसार.

वर्षभर तो नुसता चिंधा असे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी मात्र तो चिंधा भगत व्हायचा.

खानदेशात खंडेरावाच्या नावानं बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या, त्यांवर माणसं लादायची आणि एकट्या भगतानं त्या ओढायच्या. सुरतेत बारा बैलगाड्या कुठून आणणार? मग भाजीवाल्यांच्या बारा लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, बांधू लागले. देवाला गाड्यांशी मतलब आहे, बैलांशी नाही, असा निवाडा धुडकू आप्पांनी करून टाकला. धुडकू आप्पा म्हणजे गल्लीतले सगळ्यात जुने खानदेशी आणि खंडेराव मंडळाचे अध्यक्ष. ते बोलले की बाकीचे मूग गिळून बसत.

आणि चिंधाजवळ सोटा होता. सागवानी, छातीएवढा उंच, वरच्या टोकाला लोखंडी कडं आणि कड्यात घुंगरं. चिंधाच्या पणज्याला म्हणे खंडेरावानं स्वप्नात येऊन तो दिला, आणि पणज्यानं त्याच्या एका फटक्यात बिबट्या लोळवला. बिबट्या दरसाल थोडा थोडा वाढत गेला आणि अलीकडे त्याचा पट्टेरी वाघ झाला होता. भगत डाव्या हातात सोटा धरी, उजवा खांदा पहिल्या लारीच्या दांडीला लावी, "येळकोट येळकोट" असा पुकारा होई आणि बारा लाऱ्या चालू लागत. बघणारे तोंडात बोटं घालत. गुजराती शेजारीसुद्धा गच्चीवरून हात जोडत.

तो चिंधा गेल्या पौषात गेला. कारखान्यातल्या वाफा वर्षानुवर्षं छातीत साठल्या होत्या. शेवटी शेवटी त्याला बसल्या जागी धाप लागे. प्लेगच्या साली अख्खी सुरत पळाली त्यातून वाचलेला माणूस साध्या हिवाळ्यात गेला. सोटा खाटेच्या वर दोन खिळ्यांवर होता तसाच राहिला. प्रमिलाबाई रोज त्याला पुसून हात जोडी आणि दर रविवारी तेल लावी. तिची देवावर श्रद्धा होती, आणि सोट्यावरही होती. पुढचं सगळं समजायला हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

भांडणाला सुरुवात झाली ती धर्मेंद्रमुळे. धर्मेंद्र म्हणजे चिंधाचा धाकटा भाऊ, मागावरचा कारीगर, तिशीला टेकलेला, आता वेगळी खोली घेऊन राहणारा. पण चित्रांची हिंदी पुस्तकं भाड्यानं आणून वाचायचं वेड काही जात नव्हतं. 'ज्वालाकेतू' नावाचा कुणी महावीर, त्याची मंतरलेली गदा आणि दर आठवड्याला नवा राक्षस. कारखान्याला सुट्टी होती, त्या संध्याकाळी खंडेरावाच्या ओट्यावर पुरुषमंडळी बसलेली आणि धर्मेंद्र ताजा अंक सांगत होता.

"ज्वालाकेतूले राक्षसनी इख दिधं. तो तथा बेसूद पडेल शे, आनि गदा एकलीच उठनी! सात राक्षस आडवा कयात!"

"एकलीच?" कुणीतरी विचारलं. "मंग ज्वालाकेतूनं काय काम?"

"तो फक्त धरस. जोर बठ्ठा गदामा."

यावर रीतसर वाद झाला. गदेला हात लागल्याशिवाय ती चालेल कशी, असं एकाचं म्हणणं. मंतरलेलीला हात कशाला, असं दुसऱ्याचं. शेवटी धुडकू आप्पांनी विडी विझवली आणि निवाडा दिला.

"धर्मेंद्र खरं सांगस. आपला सोटाबी तसाच शे. चिंधा काय, बिचारा निमित्त व्हता. सोटा हातमा शे ना, मंग मानूस कोनबी चालस."

प्रमिलाबाई समोरच आपल्या उंबऱ्यावर साड्यांचे धागे कापत बसली होती. तिची कात्री थांबली.

बिचारा निमित्त! तिच्या डोळ्यांपुढे चिंधाचा उजवा खांदा आला. आखाजीच्या आधी महिनाभर तो कारखान्यात सगळे गठ्ठे मुद्दाम त्याच एका खांद्यावरून न्यायचा, कातडी निबर व्हावी म्हणून. तरीही त्या दिवशी दांडी खांद्यात रुतायची आणि साल निघायची. रात्री ती हळद-तेल लावायची आणि भल्याभल्यांसमोर हूं की चूं न करणारा चिंधा उशीत तोंड खुपसून कण्हायचा. तो घट्टा तिनं इतकी वर्षं हातानं चोळला होता. आणि हे म्हणतात, जोर लाकडात होता. तिला संताप आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. माणूस मेल्यावर त्याची मेहनतही काढून घ्यायची, ही कुठली रीत?

तिनं खाली मान घालून पुन्हा धागे कापायला घेतले. गल्लीला हेच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुडकू आप्पा, धर्मेंद्र आणि मंडळाचे दोघे तिच्या दारात आले. आयत्या बिळावर नागोबा व्हायला धर्मेंद्रनं धुतलेला शर्ट घातला होता.

"सूनबाई," आप्पा म्हणाले, "आवंदा धर्मेंद्र भगत व्हई. सोटा दे."

"आप्पा, धर्मेंद्र घरना मानूस शे. आखाजीले येवो, सोटा ली जावो, वापस आनी ठेवो."

आप्पांनी घसा खाकरला. "तसं नही. सोटा आते तुना घरमा नको. बाईमानूस, त्यामा... कुंकू नही. तुना हात लागना ते सोटाना जोर जाई. आनि आखाजीले तू जरा मांगेच उभी ऱ्हाय. पूजाना टाईमले पुढे येऊ नको."

शेजारची कमल दारात उभी होती. तिनं पदर तोंडात धरला. आता काय होणार हे तिला कळलं.

प्रमिलाबाई उठली. "आप्पा, सोटामा देवना जोर शे ना?"

"शे."

"वाघ मारा त्यानं?"

"मारा."

"मंग मी काय वाघपेक्षा मोठी शे का? मना हात लागना आनि जोर गया, तो जोर कसाना?"

मंडळाच्या दोघांपैकी एकाला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात घातलं.

"आनि मी त्याले रोज हात लावस. तेल लावस, पुसस. तेव्हा कोनी इचारं नही. प्लेगना टाईमले बठ्ठी गल्ली पयी गयी. तुम्हीबी पयनात, आप्पा, रेलगाडीना डब्बाले लटकीसन. मीबी पयनी. सोटा आठेच व्हता, एकलाच, पंधरा दिन. काय करं त्यानं? एक उंदीर तरी मारा का?"

आप्पांचा चेहरा लाल झाला. "देवनी टिंगल करस?"

"देवनी नही. तुम्हनी," प्रमिलाबाई म्हणाली. "तुम्ही काल ओट्यावर काय सांगं? चिंधा निमित्त व्हता. जोर बठ्ठा सोटामा. बठ्ठास्नी ऐकं. मंग मानूस तरी कसाले पाहिजे? आखाजीले सोटा लारीले बांधा. एकला. कोनी खांदा नही लावाना, कोनी हात नही लावाना. लाऱ्या चालन्यात, तर सोटा तुम्हना आनि मी जलमभर मांगे उभी ऱ्हासू. नही चालन्यात, तर सोटा मना घर ऱ्हाई. आनि तुम्ही, आप्पा, बठ्ठासमोर सांगाले पाहिजे, लाऱ्या मना नवरा वढे."

आप्पा काही बोलणार, तेवढ्यात धर्मेंद्रच पुढे सरसावला. त्याच्या डोळ्यांत ती एकटी उठलेली गदा नाचत होती.

"व्हई जाऊ दे, वहिनी! हातना कंगनले आरसा कसाले?"

आता माघार कशी घेणार? आप्पा स्वतःच्याच शब्दांत पुरते अडकले होते. ते मान हलवून निघून गेले.

आखाजी येईपर्यंत गल्लीत दुसरा विषय नव्हता. दिवसभर प्रमिलाबाई ताठ मानेनं वावरे. पण एकटी असली की तिची नजर सोट्याकडे जाई. इतकी वर्षं जिच्यापुढे हात जोडले, ती वस्तू खरंच जागृत असली तर? लाऱ्या खरंच चालल्या तर? मग चिंधाचं नाव तिनं आपल्याच हातानं पुसल्यासारखं होईल. सोट्याला तेल लावता लावता ती पुटपुटली, "खंडेराया, मी तुनासंगे भांडत नही रे. यास्नासंगे भांडी ऱ्हायनी. तू मधमा पडू नको."

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ओट्यापासून पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारा लाऱ्या उभ्या राहिल्या. दोरखंडानं एकीला एक जखडलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या आणि दरवर्षीसारख्या माणसांनी भरलेल्या. चिंधा दर साली त्या टाकीपर्यंत नेत असे. पहिल्या लारीच्या दांडीला सोटा उभा बांधला. गर्दी अशी लोटली होती की गच्च्याही भरल्या. सोटा एकटा ओढणार ही खबर पलीकडच्या उधन्यापर्यंत गेली होती.

"मांगे सरका रे! हात नको लावा!" धर्मेंद्र ओरडला.

लोक मागे सरकले, आणि तिथंच सगळ्यांची पंचाईत झाली. बारागाड्यांना हात लावणं हे पुण्य. दर साली येळकोट झाला की जो तो पुढे घुसून गाडीला हात लावी, आणि हात लावला की आपोआप थोडा जोरही लागे. एवढ्याशा जोरानं काय होतंय, असं प्रत्येकाला वाटे. तो आपल्यासारखाच दोनशे जणांनी लावलाय, हे कुणाच्याच ध्यानात येत नसे. आज तेच दोनशे जण हात कुठं ठेवावेत ते न कळून उभे होते. स्वतः आप्पा सवयीनं शेवटच्या लारीला दोन्ही तळवे टेकवून उभे राहिले, तेव्हा गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, हात काढा!" आप्पांनी चटका बसल्यासारखे हात काढले.

भंडारा उधळला. "येळकोट येळकोट, जय मल्हार!"

सोटा उभा होता. लाऱ्या उभ्या होत्या.

पुन्हा येळकोट झाला. गरम वाऱ्याची एक झुळूक आली आणि सोट्याची घुंगरं छुमछुमली. गर्दीतून अशी काही आरोळी उठली की प्रमिलाबाईचे हात आपोआप जोडले गेले. धर्मेंद्र टाळ्या पिटत नाचू लागला. पण झुळूक गेली, घुंगरं थांबली आणि चाक तसूभरही फिरलं नव्हतं. लाऱ्यांवर बसलेले एकमेकांकडे बघू लागले. त्यातला एक जाडजूड हलवाई काकुळतीनं म्हणाला, "आम्ही उतरू का?"

आता मात्र लोक हसले. ते हसू धर्मेंद्रला झोंबलं. त्यानं दोर सोडून सोटा हातात घेतला, भावासारखाच डाव्या हातात, आणि दांडीला खांदा लावून तो रेटू लागला.

"हात लावा रे त्याले!" आप्पा म्हणाले.

"नको," प्रमिलाबाई म्हणाली. "सोटाना जोर देखना शे ना? देखू द्या."

धर्मेंद्रच्या मानेच्या शिरा ताठल्या. पाय डांबरावर घसरले, परत रोवले, परत घसरले. पहिली लारी वीतभर पुढे गेली, दोर ताणला आणि मागच्या अकरांनी तिला जागच्या जागी थोपवलं. तो सोटा आपटू लागला, ओरडू लागला, शिव्या देऊ लागला. शेवटी गुडघ्यांवर पडला आणि तसाच बसून राहिला. कुणी हसलं नाही. प्रमिलाबाईला तर रडूच आलं. खेड्यातून सतरा वर्षांचा आला तेव्हापासून तिनंच त्याला जेवू घातलं होतं.

त्यानं वर पाहिलं. "वहिनी," तो म्हणाला, "दादा कसा वढे व?"

"तू त्याना खांदा कधी देखा का?" ती म्हणाली.

धर्मेंद्रनं मान खाली घातली. इतकी वर्षं एका घरात राहून त्यानं सोटा तेवढा रोज पाहिला होता.

आता सगळ्यांचे डोळे आप्पांकडे लागले. त्यांनी फेटा सारखा केला, घसा साफ केला, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पळायला जागा नव्हती. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितली पाहिजे: बोलायचं ठरवल्यावर ते पुटपुटले नाहीत.

"लाऱ्या चिंधा वढे," ते मोठ्यांदा म्हणाले. "सोटा नही. चिंधा! मी गलत बोलनू."

प्रमिलाबाईनं पदरानं डोळे पुसले. तिला हवं ते मिळालं होतं. आता तिनं घरी जावं, असं सगळ्यांना वाटलं. तिलाही क्षणभर तसंच वाटलं. पण बारा लाऱ्या भरून तशाच उभ्या होत्या. देवाच्या नावानं बांधलेल्या गाड्या जागेवरून न हलता सोडायच्या, हे काही तिला बघवेना.

तिनं चपला काढल्या. पदर कमरेला घट्ट खोचला. धर्मेंद्रला हाताला धरून उठवलं, त्याच्या हातातला सोटा घेऊन ओट्याला टेकवून ठेवला आणि परत येऊन रिकाम्या हातांनी पहिल्या लारीच्या दांडीला उजवा खांदा लावला.

गर्दी पुढं वाकून बघू लागली. मग कलाबाईचा आवाज आला. कलाबाई गल्लीतली शहाणी, तिचं सगळं शास्त्राप्रमाणे.

"अवं, रांडमुंड बाईनी देवना गाड्याले हात लावा! काय कलयुग शे!"

प्रमिलाबाई वाकली होती, तशीच मान वळवून म्हणाली, "रांडमुंड शे म्हनीसनच लाई ऱ्हायनी. तो ऱ्हाता ते माले कसाले लावना पडता?"

कलाबाई दोन पावलं मागे सरली.

"आनि तुम्ही काय देखी ऱ्हायनात?" प्रमिलाबाई बाकीच्यांवर कडाडली. "पुन्य पाहिजे ना? लावा हात! चोरीसन नको. जोर लाईसन लावा!"

सगळ्यात आधी कमल आली. हात लावणाऱ्यांच्या गर्दीत बायका नेहमी मागे असत. आज त्या पुढे घुसल्या. मग पुरुष आले. धर्मेंद्र रक्ताळलेल्या गुडघ्यांनी वहिनीच्या शेजारी दांडीला लागला. आप्पा आपल्या शेवटच्या लारीपाशी गेले आणि त्यांनी दोन्ही तळवे उघड उघड टेकवले. येळकोट झाला. प्रमिलाबाईनं डोळे मिटले, दात आवळले आणि अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं त्या दांडीवर टाकलं. दांडी खांद्यात रुतली. काही हललं नाही. तिनं पुन्हा रेटलं. कातडी सोलल्याची जळजळ झाली आणि तिला कळलं, चिंधाला इथंच लागत होतं, नेमकं इथंच.

चाक करकरलं आणि लाऱ्या चालू लागल्या.

टाकीपर्यंत काही ती गेली नाही. निम्म्या वाटेवर पानाचं दुकान होतं, तिथं तिचं बळ सरलं आणि ती थांबली. लोक तिला खांद्यावर घ्यायला धावले. तिनं सगळ्यांना झिडकारलं. पानवाल्याच्या फळीवर बसून ती तांब्याभर पाणी प्यायली. पोलक्याच्या खांद्याशी रक्ताचा डाग पसरला होता. कमल वारा घालत होती आणि हसत होती आणि रडतही होती.

धुडकू आप्पा गर्दीतून वाट काढत आले. मग त्यांनी, जन्मात कुणाला विचारलं नसेल, तशा आवाजात विचारलं,

"सूनबाई, पुढला साल भगत कोन करवो?"

प्रमिलाबाईनं मागे वळून पाहिलं, ओट्यापासून इथवर आलेला रस्ता. मग पुढे पाहिलं, टाकीपर्यंत उरलेला.

"माले आज आठलगूनच उनं," ती म्हणाली. "तो टाकीलगून ली जाये. तेवढा मोठा व्हता तो, ध्यानमा ठेवा." तिनं तांब्या खाली ठेवला. "पुढला साल मीबी टाकीलगून जासू."